तेरा वसाहती आणि एक पाच नंबर

उल्हासनगरचा कॅम्प पाच म्हणजे रिक्षावाल्यांच्या तोंडी नुसता 'पाच नंबर'. जीन्स शिवणाऱ्या मशीनची घरघर, गाळ्यांच्या दाराशी कापडाचे गठ्ठे. इथल्या मालावरचं 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जुनाच. पण खऱ्या यूएसएचा हिशेब या गावाशेजारी मांडला, तर विनोद फिका पडतो.

1776 साली इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकणाऱ्या 13 वसाहतींची लोकसंख्या होती सुमारे 25 लाख. लढाई आठ वर्षं चालली. राजाशी एकनिष्ठ राहिलेले साधारण 60 हजार लोक देश सोडून गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे शंभरात दोन-अडीच.

आपल्याकडे 1941 च्या शिरगणतीत माणसं होती सुमारे 39 कोटी आणि फाळणीत घरदार सुटलं ते किमान सव्वा कोटी लोकांचं. म्हणजे शंभरात तीन. प्रमाण जवळपास तेच. छाती दडपते ती एकूण संख्येने आणि घाईने. फाळणीची माउंटबॅटन योजना 3 जून 1947 ला जाहीर झाली आणि 73 दिवसांत इंग्रज मोकळे! सीमा ठरवायला बोलावलेले रॅडक्लिफसाहेब तर 8 जुलैला पहिल्यांदा या देशात उतरले. त्यांनी आखलेली सीमारेषा लोकांना कळली 17 ऑगस्टला, झेंडावंदन उरकल्यावर.

ती रेषा पंजाब आणि बंगालमधून गेली. सिंधमधून गेलीच नाही; सिंध अख्खा पलीकडे गेला. वाटणीत सिंधी हिंदूंच्या वाट्याला स्वतःचा म्हणावा असा एक तालुकाही आला नाही. गंमत म्हणजे 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि उरलेसुरलेही बोटीत बसले. जुन्या इलाख्याच्या राजधानीत ते उतरले, ते निर्वासित म्हणून.

त्यातल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात ही छावणी उभारली होती 6 हजार सैनिक आणि इतर 30 हजार लोकांसाठी. बराकी 2,126. भागाकार केला तर एका बराकीत 47 माणसं, म्हणजे आठ-दहा बिऱ्हाडं. मध्ये भिंत नाही, तर गोणपाटाचा किंवा जुन्या साडीचा पडदा. अलीकडे बाळंतीण, पलीकडे पोरांचा अभ्यास. अमेरिकेच्या जन्मापायी जेवढे लोक देशोधडीला लागले, त्यांच्या दीडपटीहून जास्त माणसं या एका छावणीने पोटात घेतली. शाळेच्या इतिहासात बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा येतो, ही छावणी येत नाही. हे मला पटत नाही.

8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. शहराचा पसारा जेमतेम 13 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती 5,06,098. म्हणजे एका चौरस किलोमीटरला 38 हजारांवर माणसं, देशाच्या सरासरीच्या शंभरपट.

शहराला महानगरपालिका मिळाली, पण लष्कराने घातलेले नंबर कुणी काढले नाहीत. पोस्टानेही ते मानले. कॅम्प एकचा पिनकोड 421001, कॅम्प पाचचा 421005.