‘प्रिंटर ऑफलाइन’चं गौडबंगाल

हॉल तिकीट, सातबारा, सोसायटीची नोटीस. घरच्या प्रिंटरची आठवण होते ती नेमकी घाईच्या वेळी, आणि त्याच वेळी लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ झळकतं. मग घरातला प्रत्येक जण आपापलं निदान ऐकवतो. नेट गेलंय, शाई वाळली, ड्रायव्हर उडाला, प्रिंटरच टाकाऊ निघाला. यातली बरीचशी निदानं फसतात, कारण दोन वेगळे प्रश्न त्यांत एकत्र कालवलेले असतात. प्रिंटर घरच्या वायफायवर आहे का, हा एक. लॅपटॉपला किंवा फोनला तो सापडतोय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असताना प्रिंटर रीसेट करत बसलं, तर चांगली चाललेली जोडणी आपण आपल्याच हातांनी तोडतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रिंटर स्वतःच छापून देतो. बहुतेक घरगुती मॉडेलांवर वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरलं, किंवा स्क्रीन असेल तर नेटवर्क मेनूत गेलं, की नेटवर्क रिपोर्ट बाहेर येतो. शाई वाळल्याची शंकाही त्याच कागदावर फिटते. त्यात दोन ओळी बघायच्या, वायफायचं नाव आणि आयपी ॲड्रेस. पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला घरात घेतलेलं आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि प्रिंटरने स्वतःच तात्पुरता एक लावून घेतलाय. चारही जागी शून्य असेल, तर जोडणीच नाही. काही रिपोर्टांत ‘वायफाय डायरेक्ट’चा वेगळा पत्ताही असतो. ते प्रिंटरचं स्वतःचं छोटं नेटवर्क, घरच्या वायफायशी त्याचा संबंध नाही. आणि कागदावर जुन्याच वायफायचं नाव आलं, तर रोगनिदान तिथेच संपलं. नेट कंपनी बदलल्यावर फोन, टीव्ही आठवणीने जोडले जातात, प्रिंटरला नवा पासवर्ड द्यायचा मात्र राहून जातो.

‘नेट नाही, म्हणजे प्रिंट निघणार नाही’ ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली. लॅपटॉपकडून राउटर आणि राउटरकडून प्रिंटर, एवढाच त्या फाइलचा प्रवास. तो घरातल्या घरात होतो. रस्त्यात केबल तुटून इंटरनेट बंद असलं तरी राउटर चालू आहे तोवर प्रिंट निघते. अपवाद आहेत. क्लाउडवरून किंवा ईमेलने छापायचं असेल तर इंटरनेट लागतं, आणि ‘एचपी प्लस’ योजनेत नोंदवलेल्या प्रिंटरना ते सतत लागतं. विकत घेताना हे खोक्यावर वाचून घ्यावं.

दुसरी समजूत अर्धी खरी आहे, म्हणून जास्त त्रास देते. ‘प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर, फोन ५ वर, मग जुळणार कसं?’ घरगुती इंकजेट आणि इंक टँक प्रिंटरांपैकी बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, हे खरं. आपल्याकडे तो पट्टा विनापरवाना वापरासाठी २००५ मध्ये मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग २०१८ मध्ये. पण एकदा जोडणी झाली की फोन कुठल्या पट्ट्यावर आहे याने काही बिघडत नाही. दोन्ही पट्टे एकाच राउटरचे असतात आणि राउटर इकडचं तिकडे पोचवतो. अडचण येते ती जोडणीच्या वेळी. कंपनीचं ॲप अनेकदा फोन ज्या वायफायवर आहे त्याचंच नाव प्रिंटरच्या गळ्यात मारू बघतं. राउटरवर दोन वेगळी नावं असतील आणि फोन ‘५जी’ जोडलेल्या नावावर असेल, तर प्रिंटरला ते नाव दिसतच नाही. (या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही.) तेव्हा फोन दुसऱ्या नावावर आणायचा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद ठेवायचा, प्रिंटर जोडायचा आणि पुन्हा सुरू करायचा. आयफोनच्या हॉटस्पॉटवर प्रिंटर जोडणाऱ्यांनी हॉटस्पॉटमधलं ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ सुरू करावं. आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत ते बंद असेल, तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालतो.

अमेरिकेतून कुणी प्रिंटर आणून दिला असेल तर आणखी एक खोच आहे. तिथल्या यंत्रांना २.४ गिगाहर्ट्झचे साधारणपणे १ ते ११ एवढेच चॅनेल दिसतात. इथला राउटर १२ किंवा १३ वर बसला असेल, तर शेजाऱ्यांची सगळी वायफाय दिसतात आणि आपलंच दिसत नाही. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर बांधून टाकला की प्रश्न मिटतो. त्याआधी प्रिंटरच्या मागचं व्होल्टेज वाचून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न. रिपोर्टवर पत्ता ठीक आहे, तरी लॅपटॉप ‘ऑफलाइन’ म्हणतो. इथे एक साधी परीक्षा आहे आणि ती आधी केली तर निम्मा वेळ वाचतो. रिपोर्टवरचा आयपी पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये जसाच्या तसा टाइप करायचा. बहुतेक वायफाय प्रिंटरांचं स्वतःचं एक पान असतं, ते उघडतं. ‘सुरक्षित नाही’ असा इशारा आला तरी दचकू नये. आपणच टाइप केलेला तो घरातला पत्ता आहे.

पान उघडलं, तर वाट मोकळी आहे. मग घोळ लॅपटॉपमधल्या नोंदीत असतो. राउटर पत्ते ठरावीक मुदतीसाठी वाटतो. वीज जाऊन आली, राउटर रीस्टार्ट झाला, की कालचा १९२.१६८.१.५ आज १९२.१६८.१.९ होऊ शकतो. भाडेकरूने खोली बदलली आणि पोस्टमन जुन्याच दाराची कडी वाजवतोय, तसं विंडोज जुन्या पत्त्यावर प्रिंट धाडत राहतं. प्रिंटर काढून नव्याने जोडला की चालतो, पण पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. टिकाऊ उपाय राउटरमध्ये आहे. तिथे ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असा पर्याय असतो. रिपोर्टवरचा मॅक ॲड्रेस तिथे भरला की एक आयपी पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवला जातो. शिवाय प्रिंटरच्या यादीत तेच नाव ‘कॉपी १’ लावून दोनदा दिसत असेल, तर त्यातली मेलेली नोंद काढून टाकावी. अनेकदा प्रिंट तिच्याकडेच जात असते.

पान उघडलं नाही, तर वाट अडलेली आहे. ‘दोघेही आमच्याच घरच्या वायफायवर आहेत’ हे वाक्य इथे दगा देतं. फायबरवाल्याने लावलेला डबा स्वतः वायफाय देतो, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण त्याला दुसरा राउटर जोडतो. घर एक, नेटवर्क दोन. प्रिंटर दुसऱ्या राउटरच्या १९२.१६८.० वर, लॅपटॉप डब्याच्या १९२.१६८.१ वर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून संशय येत नाही, पण प्रिंटर शोधायची हाक एका राउटरच्या हद्दीबाहेर जात नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाकला की सगळे एका छताखाली येतात. गेस्ट वायफायवर जोडलेल्या प्रिंटरचीही हीच गत. गेस्ट नेटवर्क बहुधा घरातल्या यंत्रांना एकमेकांपासून लांब ठेवण्यासाठीच असतं. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी व्हीपीएन बघावं. काही कंपन्यांचं व्हीपीएन सुरू असताना घरच्या नेटवर्ककडे जाणारी वाटच बंद होते. व्हीपीएन तोडून प्रिंट द्यावी, पुन्हा जोडावं.

‘प्रिंटर जोडत नाही, तर वायफायचा पासवर्डच काढून टाका’ हा सल्ला देणारे महाभाग आजही भेटतात. कृपया ऐकू नका. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. त्यासाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र असा पर्याय राउटरमध्ये असतो.

ड्रायव्हरची सीडी हरवल्याचं दुःखही करू नये. ड्रायव्हरशिवाय छापायला ॲपलचं एअरप्रिंट २०१० पासून आहे, अँड्रॉइडसाठी मोप्रिया आहे. गेल्या काही वर्षांतले बरेच प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापतात. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर हळूहळू बाजूला ठेवण्याचं जाहीर केलं. प्रिंटरचं ॲप अँड्रॉइडवर लोकेशन मागतं, तेही बहुधा पाळत ठेवण्यासाठी नसतं. जुन्या अँड्रॉइडमध्ये आसपासची वायफाय बघायला तीच परवानगी लागते. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी नाकारली असेल, तर ॲपला शेजारी ठेवलेला प्रिंटरही दिसत नाही.

एवढं करून रिपोर्टवर शून्यच येत राहिलं, तर प्रिंटर फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून बघावा. तिथे जोडला गेला तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये. तिथेही नाही आणि फोनमध्ये वायफाय डायरेक्टचं नावही दिसत नसेल, तर प्रिंटरमधला वायफायचा भाग गेला असण्याची शक्यता मोठी. तरी यंत्र भंगारात काढायची गरज नाही. मागे चौकोनी तोंडाचं यूएसबीचं भोक असतं, कधी स्टिकरखाली झाकलेलं. खोक्यात केबल आली नसेल तर दुकानात ‘प्रिंटर केबल’ मागितली की मिळते.