माहिती देणाऱ्याच्या पाठीशी कोण?

वसई-विरार परिसरात इमारती उभारणाऱ्या एचडीआयएल या कंपनीची थकीत कर्जे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने वर्षानुवर्षे दडवून ठेवल्याचे सप्टेंबर 2019 मध्ये उघडकीस आले. 44 कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती रचली गेली, असे पोलिसांत नोंदविलेल्या फिर्यादीत म्हटले आहे. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम या एकाच उद्योगसमूहाकडे अडकली होती. लेखापरीक्षण दरसाल होत होते, रिझर्व्ह बँकेची तपासणीही होत होती. तथापि, त्या वेळच्या वृत्तांनुसार, या प्रकाराला वाचा फोडली ती बँकेच्याच कर्जविभागातील काही महिला कर्मचाऱ्यांनी. 23 सप्टेंबरला निर्बंध आले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत अवघे 1,000 रुपये काढण्याची मुभा उरली. पुढे ही मर्यादा वाढत गेली, हे खरे.

अशा कर्मचाऱ्याच्या पाठीशी कायदा आहे काय? महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची 2003 मध्ये हत्या झाली. त्यानंतर अकरा वर्षांनी, 2014 मध्ये, संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु त्याचा रोख सार्वजनिक सेवकांच्या गैरव्यवहारावर आहे आणि तो अमलात आणणारी अधिसूचना अद्याप निघालेली नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत व्यवस्था सक्तीची केली. म्हणजे तक्रार संचालकांविरुद्ध असली, तरी ती संचालकांच्याच समितीपुढे जावयाची! रिझर्व्ह बँकेची 2007 ची योजना खासगी व विदेशी बँकांपुरती होती. सहकारी बँकेतील कारकून या सर्वांच्या फटीत सापडला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, बोलण्याची किंमत एकट्याने मोजावयाची असते आणि लाभ लाखो ठेवीदारांत वाटला जातो. घरभाडे व मुलांचे शुल्क डोळ्यांपुढे असलेला माणूस असा व्यवहार का करील? युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाने येथे एक मार्ग दाखविला आहे : तक्रारीनंतर बडतर्फी वा अन्य जाच झाला, तर तो तक्रारीमुळे नव्हे, हे मालकाने सिद्ध करावयाचे. एवढी एक तरतूद, सहकारी संस्थांसह, आपल्याकडे झाली, तरी पुष्कळ काम होईल.

जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या योजनेप्रमाणे मोठ्या ठेवीदारांची शेवटची रक्कम दहा वर्षांनी हाती यावयाची आहे.