हरलेला, पण वेसण न घातलेला

आमच्या वकिली धंद्यात क्रियाविशेषणांना फारशी किंमत नाही. अर्जात तारीख हवी, दाखला हवा. तरीही 'इन्डॉमिटेबली' या इंग्रजी क्रियाविशेषणाबद्दल चार शब्द लिहिणे आम्हाला भाग वाटते. शोकसभांत आणि गौरवांकांत ते सर्रास 'इन्व्हिन्सिबली'च्या अर्थाने वापरले जाते, आणि तिथेच घोटाळा होतो.

'इन्व्हिन्सिबल'च्या मुळाशी लॅटिनमधले 'जिंकणे' आहे. ज्याला कोणी हरवू शकत नाही, तो अजिंक्य. 'इन्डॉमिटेबल'च्या मुळाशी मात्र जनावर माणसाळवणे आहे. जो वेसण घालू देत नाही, तो अदम्य. लॅटिनचा तो धातू आणि आपला 'दम्' हे एकाच कुळातले आहेत. म्हणजे 'अदम्य' हा नुसता अनुवाद नव्हे, त्या शब्दाचा भाऊबंद आहे. 'दमन' हा सत्तेचा लाडका शब्दही त्याच घरातला!

अजिंक्य माणूस एकदा हरला की त्याचे विशेषण गळून पडते. अदम्य माणूस हरू शकतो, वारंवार हरू शकतो. ब्रिटिश आरमारात 'इन्व्हिन्सिबल' आणि 'इन्डॉमिटेबल' या एकाच वर्गातल्या दोन युद्धनौका होत्या. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत 'इन्व्हिन्सिबल' स्फोट होऊन बुडाली, हजारावर माणसे गेली, सहा वाचली. 'इन्डॉमिटेबल' त्याच लढाईतून परत आली. हा योगायोगच, पण शब्द लक्षात राहायला पुरेसा आहे.

कॅमेरूनच्या फुटबॉल संघाला 'अदम्य सिंह' म्हणतात. 1990 च्या विश्वचषकात त्यांनी जगज्जेत्या अर्जेंटिनाला 1-0 ने हरवले, तेही शेवटी नऊ खेळाडूंनिशी. उपांत्यपूर्व फेरीत ते इंग्लंडकडून जादा वेळेत 3-2 ने हरले. नाव मात्र तेच राहिले.

म्हणून हे क्रियाविशेषण 'जिंकला' या क्रियापदाशी जमत नाही. झुंजत राहणे, नकार देणे, पुन्हा उभे राहणे यांच्याशी जमते. खालच्या दोन कोर्टांत हरून, कागदांची पिशवी घेऊन अपिलासाठी येणारी म्हातारी पक्षकार आम्ही पाहतो. तिला 'अजिंक्य' म्हणणे ही थट्टा होईल.

मात्र हट्टी, बेशिस्त माणसालाही हा शब्द चिकटवू नये. आपण वंदनेत रोज म्हणतो त्या 'पुरिसदम्मसारथी'तला 'दम्म' याच धातूचा आहे. तिथे वळण लावणे आहे, वेसण नाही.