संगणकाचा वाढीव वेग व त्याची किंमत

घरचा संगणक नेमून दिलेल्या गतीपेक्षां अधिक वेगानें चालविण्याचा मोह तरुणांस होतो, व तो सर्वस्वीं अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. १९९८ सालीं निघालेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला कीं तो पुष्कळदां ४५० वर बिनतक्रार चाले. परंतु फुकट कांहींच मिळत नाहीं. प्रोसेसरची उष्णता मुख्यतः वेगाच्या प्रमाणांत वाढते. व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत. वेग दीडपट व व्होल्टेज एकदशांशानें अधिक केलें, तर ती सुमारें १.८ पट होते. पंखा व हीटसिंक तोकडे पडले, अथवा एसएमपीएस अपुरा असला, तर यंत्र मध्येंच बंद पडतें, फायलीहि बिघडतात. म्हणून वेग टप्प्याटप्प्यानें वाढवावा, प्रत्येक टप्प्यास कांहीं तास कसून काम देऊन तापमान पहावें, व्होल्टेज शेवटीं व अल्पच वाढवावें. थंडींत टिकलेला वेग वैशाखांत टिकेलच असें नाहीं. ज्या यंत्रांत साऱ्या कुटुंबाचीं छायाचित्रें व जमाखर्च आहेत, त्यांची प्रत आधीं अन्यत्र ठेवणें हा प्रयोग करणाराचा पहिला धर्म होय.