तान्ह्या बाळाचा पासपोर्ट फोटो

पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसाचा फोटो तिथल्या खिडकीवरच काढतात. खुर्चीत बसा, समोर बघा, झालं. चार वर्षांखालच्या मुलांसाठी ही सोय नाही. त्यांचा ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, अलीकडचा छापील फोटो आईबाबांनी सोबत न्यायचा असतो आणि खिडकीवरचा कर्मचारी तो स्कॅन करून घेतो. म्हणजे ज्याला मान धरता येत नाही आणि ‘इकडे बघ’ म्हटलेलं कळत नाही, नेमकं त्याच्याच फोटोची जबाबदारी घरच्यांवर येते.

बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांमध्ये हे काम नेहमी निघतं. आउटर रिंग रोडवरच्या टेक पार्कांत नोकरी करणारी मराठी कुटुंबं इथे बरीच आहेत. बाळंतपणासाठी पुण्याहून किंवा नागपूरहून आजी आलेली असते आणि बाळाचं बारसं होतं न होतं तोच ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामावर, जायची बोलणी सुरू होतात. पासपोर्ट सेवा प्रकल्पाची चाचणी २०१० साली ज्या मोजक्या शहरांत झाली, त्यात बेंगळुरू होतं. लालबाग आणि मारथाहळ्ळी ही इथली जुनी केंद्रं, आणि बेळ्ळंदूरकरांना मारथाहळ्ळीचं केंद्र सोयीचं. तरी अपॉइंटमेंटच्या पावतीवरचा पत्ता वाचूनच रिक्षा करावी.

फोटो काढायला बसण्याआधी तो कोण पाहणार आहे, हे ध्यानात घ्यावं. तो विमानतळावरचा अधिकारी पाहतो आणि यंत्रही पाहतं. मॉन्ट्रियलला मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, प्रवासी कागदपत्रांवरच्या फोटोंचे निकष ठरवले आहेत. भारतात एप्रिल २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरपासून चिपवाले ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. त्या चिपमध्येही हाच फोटो साठवलेला असतो. म्हणून चेहरा सरळ समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावली नाही आणि चौकटीत दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा नाही. भारतीय नियमावलीप्रमाणे फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग चेहऱ्यानं व्यापलेला हवा. घरच्यांना आवडतो तो बोळकं पसरून हसणारा फोटो इथे बाद होतो. तो अल्बमसाठी वेगळा काढावा.

आता कामाला लागू. बहुतेक घरांत पहिली चूक होते ती क्रमाची. बाळाला आधी तयार करतात, मग चादर शोधतात आणि त्यानंतर खोलीत उजेड कमी असल्याचं लक्षात येतं. तोवर बाळाचा मूड संपलेला असतो. आधी उजेड आणि चादर पक्की करावी, एखादी उशी किंवा बाहुली ठेवून दोनचार फोटो काढून पाहावेत आणि मगच बाळाला आणावं.

उजेड खिडकीचा घ्यावा, थेट उन्हाचा नको. कडक उजेडात तान्ही बाळं डोळे घट्ट मिटतात, मऊ उजेडात आपसूक उघडतात. याबाबतीत बेंगळुरू नशीबवान आहे. जून ते सप्टेंबरमधलं ढगाळ आभाळ फोटोसाठी फार चांगलं असतं. उन्हाळ्यात सकाळी किंवा दुपारी उतरत्या वेळी, ऊन ज्या बाजूला नाही तिथली खिडकी निवडावी. टॉवरला टॉवर लागलेल्या सोसायटीत खालच्या मजल्यांवर उजेड कमी असतो. मग लोक ट्यूब आणि छतातले पिवळे एलईडी लावतात आणि फोटोत बाळाचा अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा दिसतो. दिवे बंदच ठेवावेत. छताच्या दिव्यामुळे फोटो काढणाऱ्याची सावलीही बाळावर पडते. बाल्कनीत रंगीत जाळी किंवा हिरवा पडदा असेल तर त्याचा रंगही गालावर उतरतो, तो बाजूला सारावा. फ्लॅश नको. बाळ दचकतं, डोळे लाल येतात आणि मागे काळी सावली उमटते.

उजेड एका बाजूनं येत असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा टॉवेल किंवा थर्मोकोलचा तुकडा उभा धरावा. सावलीतला गाल लगेच उजळतो. स्टुडिओत छत्र्या लावून करतात तेच हे काम.

चादर साधी, पांढरी आणि इस्त्री केलेली हवी. घडीच्या रेघा फोटोत स्पष्ट येतात. आजोबांचं धोतरही चालेल, काठ तेवढा चौकटीबाहेर ठेवायचा. बाळाला मऊ गादीवर ठेवू नये. डोकं रुततं, चादर कानांभोवती वर येते आणि कान झाकले जातात. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर दुपटं आणि वर चादर हे उत्तम. पडायची भीतीही उरत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं मागच्या बाजूनं मोठं असतं, त्यामुळे उताणं ठेवलं की हनुवटी छातीला टेकते. चादरीखाली, खांद्यांच्या जागी, दुपट्याची एक पातळ घडी ठेवली की मान सरळ होते. फोटो झाला की घडी काढून टाकावी.

मान धरणाऱ्या बाळासाठी दुसरी रीत आहे. कार सीट किंवा बाळाच्या आरामखुर्चीवर पांढरी चादर अंथरून त्यात त्याला बसवायचं. अशा वेळी पट्टे चादरीखाली जातात आणि बाळ मोकळं राहतं, म्हणून एका माणसानं हाताच्या अंतरावर बसलंच पाहिजे. आईनं स्वतः चादर पांघरून बाळाला मांडीवर धरायची युक्तीही लोक करतात. तीत एखादं बोट किंवा बांगडी हमखास दिसते, म्हणून मला ती फारशी पटत नाही.

आता बाळाकडे वळू. आपल्याकडे इथेच खरा पेच असतो. आजीनं सकाळी तेल लावून मालीश केलेली असते, न्हाऊ घातलेलं असतं, धुरी दिलेली असते, डोळ्यांत काजळ आणि गालावर तीट असते, डोक्यावर टोपडं. हौसेनं सजवलेलं हे बाळ पासपोर्टसाठी बिलकुल कामाचं नाही. तेलानं कपाळ चमकतं आणि उजेडाचा पांढरा ठिपका उमटतो. काजळानं डोळ्यांचा आकार बदलतो, तिटेचा डाग चेहऱ्यावरची खूण वाटू शकतो आणि टोपड्यात कान व कपाळ जातं. आजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं: ‘आई, उद्या फोटो होईपर्यंत तीट-काजळ नको, नंतर दोन तिटा लावा.’ हे ऐन वेळी सांगितलं तर रुसवा ठरलेला.

न्हाणं झाल्याबरोबर फोटो घ्यायचा विचार सोडून द्यावा. न्हाऊन, दूध पिऊन बाळ गाढ झोपतं. त्या झोपेतून उठल्यावर, लंगोट बदलून, दूध पाजून आणि ढेकर काढून जो वेळ मिळतो, तो खरा. पोट भरलेलं, झोप झालेली, तोंड मिटलेलं. ओठांवरचं दूध आणि लाळ टिपावी. झबलं गडद, एकरंगी हवं. पांढरं झबलं चादरीत मिसळतं आणि खांद्यांची कड दिसत नाही. कानातल्या बाळ्या राहू द्या, चोखणी मात्र काढा.

डोळे मिटलेलेच राहिले तर बाळाला उचलून खांद्याशी उभं धरावं. उभं धरलं की तान्ही बाळं बहुधा डोळे उघडतात. उघडले की सावकाश खाली ठेवावं. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला जेमतेम वीतभर ते फूटभर अंतरावरचं नीट दिसतं, तेव्हा दूरवर खुळखुळा हलवून उपयोग नाही. तिथे ओळखीचा आवाज कामी येतो. आवाज देणाऱ्यानं फोनच्या अगदी मागे उभं राहावं. बाजूनं हाक मारली की मान तिकडे वळते. तीन महिन्यांच्या पुढच्या बाळाला चेहरे आणि हलणाऱ्या वस्तू कळतात. त्याच्यासाठी खुळखुळा लेन्सच्या वर, चिकटून धरावा आणि एकदाच वाजवावा. सतत वाजवला तर बाळ हसतं किंवा कंटाळतं, दोन्ही नको.

फोन दोन्ही हातांनी घट्ट धरावा. खाली बाळाचं तोंड आहे. चेहऱ्याच्या बरोबर वर, चादरीला समांतर, साधारण मीटरभर अंतरावरून दुप्पट झूमनं फोटो घ्यावा. जवळ जाऊन साध्या लेन्सनं घेतला तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. ब्युटी फिल्टर बंद. पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो कानांच्या कडा पुसट करतो. बटण दाबून ठेवून सलग फोटो घ्यावेत, जांभई संपल्यानंतरचे तर नक्कीच. बाळ रडायला लागलं की काम थांबवावं. रडून लाल झालेला चेहरा पुढचा बराच वेळ कामाचा राहत नाही.

फोटो निवडताना मोठा करून पाहावा: डोळे स्पष्ट आहेत का, दोन्ही कान सारखे दिसतात का, मानेजवळ सावली आहे का. कापताना रुंदी-उंचीचं प्रमाण ७:९ ठेवावं. ३५ बाय ४५ मिलिमीटरचं तेच प्रमाण आणि परदेशातल्या भारतीय वकिलाती मागतात त्या ६३० बाय ८१० पिक्सेलच्या फाइलचंही तेच. या वकिलातींनी सप्टेंबर २०२५ पासून आयकाओचे निकष लागू केले. त्याआधी तिथे दोन इंची चौकोनी फोटो चालायचा, म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांचा जुना सल्ला आता ऐकू नये.

छपाईला जवळच्या स्टुडिओत गेलात तर एवढंच सांगा: चेहऱ्याला हात लावू नका. गोरं करणं आणि पार्श्वभूमी कापून नवी चिकटवणं ही काहींची सवय असते. कापताना जावळाचे बारीक केस जातात आणि डोकं कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. चार बाय सहा इंची कागदावर असे आठ फोटो बसतात. छापताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर माप बदलतं, तेव्हा एक फोटो पट्टीनं मोजून घ्यावा.

बाकीची कागदपत्रं सोपी आहेत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, आणि त्यावर बाळाचं नाव चढवलेलं आहे ना, हे आधी बघावं. दोघा पालकांच्या सहीचं ‘ॲनेक्शर डी’ हे घोषणापत्र हवं. ३६ पानी पुस्तिकेचं शुल्क एक हजार रुपये. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर त्यात दहा टक्के सवलत मिळते. फोटो सोबत दिला तरी बाळाला केंद्रात न्यावंच लागतं. फोटोच्या चार प्रती, टाचणी न लावलेल्या, पाकिटात ठेवाव्यात.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो चौथ्या वर्षी ओळखू येणार नाही, आणि जावळ काढल्यावर तर त्याआधीच. चेहरा बदलल्याच्या कारणावरून पासपोर्ट पुन्हा काढून घेता येतो. देशोदेशीचे नियमही सारखे नाहीत. ब्रिटनच्या पासपोर्टसाठी एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे उघडे नसले तरी चालतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी ५१ मिलिमीटरचा चौकोनी फोटो लागतो, तोही गेल्या सहा महिन्यांतला. म्हणून न कापलेली मूळ फाइल जपून ठेवा. व्हिसाची तारीख सहा महिन्यांच्या आत मिळाली, तर तीच पुन्हा चौकोनी कापून वापरता येईल.