भिंतीवरचा नकाशा

लहान मुलांस भूगोल शिकविणें फारसें कठीण नाहीं, असा आपल्याकडे घरोघरीं समज असतो. नदीचा उगम, मुख्य पिकें, तालुक्यांचीं ठाणीं एवढें पाठ झालें कीं विषय संपला! तिसऱ्या इयत्तेस स्वतःच्या जिल्ह्याचा भूगोल नेमण्याची आमच्या महाराष्ट्रांतील पद्धत जुनी आहे, व ती योग्यच आहे. परंतु आठ वर्षांच्या मुलास 'जिल्हा' म्हणजे काय वाटत असेल, हा विचार मला पुष्कळ वर्षें सुचला नव्हता. तो सुचला एका मुलाला हसल्यामुळें.

साताऱ्यास मी शिक्षिका असतांना माणदेशांतून आलेला एक मुलगा माझ्या वर्गांत होता. पाण्याअभावीं शेती पिकेना, म्हणून त्याच्या वडिलांनीं गांव सोडलें होतें. एके दिवशीं मीं त्याला उत्तर दिशा दाखवावयास सांगितलें. त्यानें क्षणभर विचार केला आणि छताकडे बोट केलें. सारा वर्ग हसला. सांगावयास लाज वाटते, पण मीही हसलें. त्यानंतर भूगोलाच्या तासाला तो मुलगा तोंडांतून अक्षर काढीना.

पुढें एकदां फळा पुसतांना माझें लक्ष भिंतीवरील नकाशाकडे गेलें आणि चूक कोणाची तें उमगलें. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर, असें मींच मुलांकडून घोकून घेतलें होतें. आणि टांगलेल्या नकाशाची वरची बाजू छताकडेच असते! कृष्णा 'खालीं' वाहते, ती नकाशांत खालीं कीं उतारानें खालीं, हाही घोटाळा ह्याच जातीचा.

दुसऱ्या दिवशीं नकाशा उतरवून ठेवला. प्रथम वर्गाचाच नकाशा पावलांनीं मोजून खडूनें जमिनीवर काढविला, मग अंगणाचा, मग शाळेपुढील रस्त्याचा. ह्यांत आठ दिवस गेले. अभ्यास मागें पडतो अशी कुरकुर झाली. ती होऊं दिली.

एक प्रयोग मात्र घरच्या मंडळींनींच करावयाचा, कारण त्या वेळीं शाळेस सुटी असते. अंगणांत सरळ काठी रोवून मुलांस तिची सांवली मोजूं द्यावी. साताऱ्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं ती काठीच्या पायथ्याशीं अगदीं नाहींशी होते. तीही बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. आपलीं घड्याळें ८२॥ रेखांशाच्या वेळेनें चालतात, सातारा सुमारें ७४ वर, आणि दर अंशास चार मिनिटें, हें कारण मोठ्यांपुरतें ठेवावें. मुलांस सांवली हरवल्याचें नवल पुरे.

नंतर ओल्या मातीचा सह्याद्रि केला व वरून तांब्यानें पाणी सोडलें. महाबळेश्वरापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेनें सुमारें ६४ किलोमीटर. तरी कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारें १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरास मिळते. मातीवर पाणी पूर्वेकडे वळलेलें पाहिल्यावर हें निराळें समजवावें लागलें नाहीं. माणगंगा भीमेस व भीमा कृष्णेस मिळते, म्हणजे महाबळेश्वरचें आणि माणदेशचें पाणी शेवटीं एकच होतें, हें मुलांनीं स्वतः बोट फिरवून शोधलें.

पावसाचें माप मीं भिंतीवर दाखविलें. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो वाहून न जातां सांचला, तर आमच्या वर्गाचें छत बुडेल. पांचगणीस, वीस किलोमीटरांच्या आंतच, त्याचा सुमारें तिसरा हिस्सा. माणांत पांचशेच्या आसपास, म्हणजे मुलांच्या मांडीइतका. समुद्रावरील वारा घाट चढतांना थंड होऊन पाणी टाकतो आणि पलीकडे उतरतांना तापून उरलेलें धरून ठेवतो, हें सांगत असतां तो मुलगा उठून भिंतीपाशीं गेला. खालच्या रेघेस मांडी लावून पाहिली, मग वरच्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला.

शेवटीं जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर अंथरला. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे केली. मुलें भोंवतीं बसलीं. त्या मुलानें आपलें गांव शोधलें, अंगठा त्यावर टेकला आणि करंगळी महाबळेश्वराकडे ताणली. वीत पुरली.

“एवढंच?” तो म्हणाला.