दुकान पुण्यात, टॅक्स टेक्सासचा

स्वतःच्या वेबसाइटवरून अमेरिकेत कुर्ते, दागिने, मसाले पाठवणारे व्यावसायिक आता पुण्या-कोल्हापुरातही भेटतात. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये घरूनच असा धंदा करणारी मराठी मंडळीही आहेत. सेल्स टॅक्सचा विषय निघाला की दोघांचंही उत्तर ठरलेलं असतं: "त्या राज्यात आमचं ऑफिस नाही, माणूस नाही, मग टॅक्स कसला?" २०१८ पर्यंत हे उत्तर बरोबर होतं. आता ते चुकीचं आहे.

१९६७ आणि १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं होतं, की विक्रेत्याचं राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व असल्याशिवाय त्याला टॅक्स गोळा करायला लावता येणार नाही. २१ जून २०१८ रोजी 'साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने तो जुना दंडक मोडीत काढला. वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा २०० व्यवहार झाले, की बाहेरच्या विक्रेत्यालाही टॅक्स गोळा करावा लागेल, हा साउथ डकोटाचा कायदा या खटल्यात होता. मग सेल्स टॅक्स लावणाऱ्या बाकीच्या राज्यांनी तोच कित्ता गिरवला. शेवटचं मिझूरी, १ जानेवारी २०२३ पासून. केवळ विक्रीमुळे राज्याशी जुळणाऱ्या अशा संबंधाला तिथे 'इकॉनॉमिक नेक्सस' म्हणतात, आणि तो जुळायला विक्रेता अमेरिकन असावा लागत नाही. भारत-अमेरिका दुहेरी करारोपण कराराचा आधार घेऊ पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की तो करार प्राप्तिकराचा आहे. राज्यांच्या सेल्स टॅक्सशी त्याचा संबंध नाही.

दुसरा गैरसमज आपल्या जीएसटीच्या सवयीतून येतो. "अमेरिकेत टॅक्स किती टक्के?" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण केंद्र सरकारचा सेल्स टॅक्सच तिथे नाही. ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी आपापला टॅक्स लावतात, त्यावर काउंटी आणि शहरं आपली भर घालतात. ओरेगॉन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्याचा टॅक्स नाही. अलास्कात मात्र स्थानिक टॅक्स आहे. विक्रीची मर्यादाही राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ती ५ लाख डॉलर आहे. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री आणि १०० पेक्षा जास्त व्यवहार, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. खुद्द साउथ डकोटाने २०० व्यवहारांची अट जुलै २०२३ मध्ये काढून टाकली. म्हणून पाच वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेल्या तक्त्यावर आज विसंबू नका.

कशावर टॅक्स लागतो, यात तर फारच गुंता आहे. एक कुर्ता घेऊ. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत रोजच्या वापराच्या कपड्यांवर टॅक्स नाही. कॅलिफोर्नियात आहे. न्यूयॉर्क शहरात ९५ डॉलरच्या कुर्त्यावर काहीच लागत नाही, कारण ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्याला तिथे सूट आहे. तोच कुर्ता १२० डॉलरचा झाला, की पूर्ण किमतीवर ८.८७५ टक्के, म्हणजे १० डॉलर ६५ सेंट घ्यावे लागतात. अशा स्वस्त कपड्यांवरचा स्थानिक टॅक्सही माफ करायचा की नाही, हे न्यूयॉर्क राज्यातली प्रत्येक काउंटी स्वतः ठरवते. बिलात एकच दर टाकून मोकळं होणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

जीएसटीसारखं इनपुट क्रेडिटही तिथे नाही. पुढे विकण्यासाठी घेतलेल्या मालावर टॅक्स द्यायचा नसतो. त्यासाठी पुरवठादाराला रीसेल सर्टिफिकेट द्यावं लागतं. तुम्ही घाऊक विक्री करत असाल, तर ग्राहकाचं सर्टिफिकेट तुमच्या फाइलमध्ये हवं. ते नसेल, तर ऑडिटमध्ये तो टॅक्स तुमच्याच खिशातून जातो.

युज टॅक्सकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. विक्रेत्याने टॅक्स लावला नाही म्हणजे खरेदी टॅक्स-फ्री झाली, असं अजिबात नाही. टॅक्स लागणारी वस्तू टॅक्स न भरता आणली आणि तुमच्या राज्यात वापरली, तर तेवढाच टॅक्स तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये दाखवून भरायचा असतो. ऑफिससाठी बाहेरच्या राज्यातून मागवलेली टेबलं, रीसेल सर्टिफिकेटवर घेऊन नंतर दुकानातच वापरलेला माल, ही त्याची नेहमीची उदाहरणं. ऑडिटर विक्रीच्या बिलांइतकीच खरेदीची बिलं बारकाईने पाहतो.

"आमची विक्री अ‍ॅमेझॉनवर आहे, तेच बघतात," हे अर्धं खरं आहे. टॅक्स लावणाऱ्या राज्यांत आता मार्केटप्लेसनेच टॅक्स गोळा करायचा असतो. पण तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरची विक्री तुमच्याच जबाबदारीवर राहते. शिवाय मर्यादा मोजताना काही राज्यं मार्केटप्लेसवरची विक्रीही धरतात, काही धरत नाहीत. एखाद्या राज्यात गोदाम भाड्याने घेऊन माल ठेवलात किंवा तिथे घरून काम करणारा कर्मचारी नेमलात, तर विक्री कितीही कमी असो, प्रत्यक्ष नेक्सस तयार होतो. आणि आयात शुल्क वेगळं, सेल्स टॅक्स वेगळा. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी बंद झाली. ते शुल्क भरलं म्हणून राज्याचा टॅक्स भरला, असं होत नाही.

रजिस्ट्रेशन न करता ग्राहकाकडून टॅक्स घेणं बेकायदा आहे. घेतलेला टॅक्स हा राज्याचा पैसा असतो, तुमचं खेळतं भांडवल नव्हे. रजिस्ट्रेशन झाल्यावर त्या काळात विक्री शून्य असली, तरी सहसा रिटर्न भरावंच लागतं.

मागची काही वर्षं राहून गेली असतील, तर घाबरून लगेच रजिस्ट्रेशन करू नका. रिटर्नच भरलं नसेल, तर त्या वर्षांच्या वसुलीची मुदतही सहसा संपत नाही. पण बहुतेक राज्यांत 'व्हॉलंटरी डिस्क्लोजर' आहे: तुम्ही स्वतःहून पुढे आलात, तर ठरावीक वर्षांचाच टॅक्स व्याजासह घेतला जातो आणि दंड बहुधा माफ होतो. राज्याची नोटीस आली किंवा तुम्ही आधीच रजिस्ट्रेशन करून बसलात, तर ही वाट सहसा बंद होते. म्हणून आधी मागच्या वर्षांची विक्री राज्यवार काढा, त्यात मर्यादा ओलांडलेली किंवा तिच्या जवळ पोचलेली राज्यं शोधा आणि तो कागद घेऊन अमेरिकेतला सेल्स टॅक्स जाणणाऱ्या सीपीएकडे जा.